शतावरी: बाळंतिणीच्या डब्यात जाणारे पीक लावण्यापूर्वी

एप्रिल-मे महिन्यात खरिपाचे नियोजन सुरू झाले की शतावरीबद्दल विचारणा वाढते. आजरा, भुदरगड, शाहूवाडी, पन्हाळा या भागांतून जास्त. प्रश्न साधारण दोनच असतात. एकरी किती निघते आणि कोण घेते? तिसरा प्रश्न क्वचित कोणी विचारतो, तो म्हणजे हे खाणार कोण? शतावरीच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिसऱ्यावर अवलंबून आहेत, म्हणून या लेखात लागवडीबरोबर तोही विषय घेतला आहे.

शतावरीचे मूळ प्रामुख्याने स्त्रियांच्या औषधांत जाते. बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी कल्प, पाळीच्या तक्रारींवर चूर्ण, पाळी जाण्याच्या वयात घृत किंवा गोळ्या. म्हणजे आपला माल जिच्या पोटात जाणार ती बहुधा अंगावर पाजणारी आई असते. उसाचे किंवा सोयाबीनचे तसे नाही. ऊस कारखान्यात जातो, त्यावर प्रक्रिया होते आणि साखर वेगळी होऊन येते. शतावरीचे मूळ सोलून, वाळवून, दळून जवळजवळ जसेच्या तसे खाल्ले जाते. मुळात जे उतरले ते डब्यात उतरते.

पिकाची ओळख

शतावरी ही काटेरी, चढणारी, बहुवर्षायू वेल आहे. सह्याद्रीच्या उतारावर आणि बांधावरच्या कुंपणात ती आपोआप उगवलेली दिसते. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतून येणारे तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खाल्ले जातात आणि कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत ते विक्रीलाही असतात. खोडावर मागे वळलेले काटे असतात. जी हिरवी, सुईसारखी पाने म्हणून दिसतात ती खरे तर बारीक फांद्या असून त्या झुपक्याने येतात. पावसाळा संपता संपता पांढरी, सुवासिक फुले लागतात. पुढे वाटाण्याएवढी लाल फळे येतात आणि त्यात काळे, कठीण बी असते. जमिनीखाली एका गड्ड्यापासून दोन्हीकडे निमुळत्या मुळ्यांचा घोस सुटतो. शतमुळी हे नाव त्यावरूनच पडले.

रोपे विकत घेताना ही ओळख उपयोगी पडते. शहरातल्या नर्सरीत कुंडीत लावायची शोभेची शतावरी मिळते. ती याच कुळातली, दिसायलाही जवळची, पण औषधी माल म्हणून तिला किंमत नाही. लहान रोपात फरक सहज कळत नाही. त्यामुळे ज्या झाडांचे बी घेतले ती आईझाडे प्रत्यक्ष पाहूनच रोपांची मागणी नोंदवावी.

औषध म्हणून किती खात्रीचे?

आयुर्वेदात शतावरीचा उपयोग जुना आहे आणि तो कोणी नाकारत नाही. मात्र लागवडीच्या मेळाव्यात या मुळाबद्दल जे सांगितले जाते आणि तपासून जे दिसले आहे, त्यांत अंतर आहे.

सर्वांत जास्त दावा दूध वाढण्याचा असतो. त्यावर आपल्याच देशात मातांवर चाचण्या झाल्या. १९९६ साली इंडियन पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांमध्ये फरक आढळला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६० मातांच्या चाचणीत मात्र शतावरी घेणाऱ्या गटात दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ स्पष्टपणे जास्त दिसली. दोन्ही चाचण्या लहान आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. त्यामुळे ‘सिद्ध झाले आहे’ असेही म्हणता येत नाही आणि ‘काही उपयोग नाही’ असेही नाही. बाळाला वारंवार आणि नीट छातीला लावणे हा दूध वाढवण्याचा पहिला उपाय आहे. कल्प त्यानंतर येतो.

पाळी अनियमित असणे, पीसीओडी, पाळी जातानाचा त्रास यांसाठी पुरावा याहूनही कमी आहे. मुळातल्या शतावरिन नावाच्या घटकांवर प्रयोगशाळेत काम झाले आहे, पण प्रयोगशाळेतला परिणाम आणि माणसाला बरे वाटणे यांत बराच टप्पा असतो. गरोदरपणाबाबत तर सावधच राहावे. उंदरांवरच्या एका अभ्यासात शतावरीच्या अर्काचा गर्भावर वाईट परिणाम दिसला आहे. गर्भवतीने आणि स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

एक साधी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाजारातल्या दाणेदार शतावरी कल्पात साखरेचा वाटा मोठा असतो. पीसीओडी आहे, वजन वाढते आहे, म्हणून मुलीला रोज दोन चमचे कल्प दुधातून देणारी आई तिला आधी साखर देते. डब्यावरची घटकांची यादी वाचावी.

पीक शेतकऱ्यासाठी वाईट आहे, असे यातून निघत नाही. औषध कंपन्यांची मागणी आहे, २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने शतावरीसाठी खास मोहीमही सुरू केली. फक्त आपण शतावरी म्हणून स्वच्छ, ओळखीचे, वाळवलेले मूळ विकावे. रोग बरा करण्याचा दावा विकू नये. तो दावा कोणी आपल्याला विकत असेल, तर लागवडीच्या आकड्यांकडेही त्याच संशयाने बघावे.

जमीन आणि जागा

निचरा ही शतावरीची पहिली अट आहे. तांबडी, मुरमाड, वाळूमिश्रित पोयट्याची जमीन चांगली. आपल्या जिल्ह्यात भुदरगड, आजरा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा येथील डोंगरउताराच्या हलक्या जमिनी यात बसतात. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या भागात उंच गादीवाफा आणि उताराला धरून चर नसतील तर मुळे कुजतात. शिरोळ-हातकणंगलेकडील भारी काळी जमीन, त्यातही क्षारपड झालेली, या पिकाला देऊ नये. पाणी साचते आणि काढणीला ढेकळातून मुळे तुटून येतात. तुटलेले मूळ लवकर खराब होते आणि त्याला दरही कमी मिळतो.

रोपे आणि लागवड

बी कठीण आवरणाचे असल्याने उगवण अनियमित होते. पिकलेली फळे चोळून, धुऊन बी सावलीत सुकवावे. पेरणीपूर्वी कोमट पाण्यात २४ तास भिजवावे. एप्रिलमध्ये गादीवाफ्यावर किंवा पिशवीत टाकले तर उगवायला तीन-चार आठवडे लागतात. काही बी त्याहून उशिरा उगवते, वाफा लगेच मोडू नये. जुन्या झाडाचा गड्डा डोळ्यासह फोडूनही रोपे करता येतात. ती लवकर वाढतात.

पाऊस स्थिरावल्यावर, जून-जुलैत लागवड करावी. एकरी ५ ते ६ टन पूर्ण कुजलेले शेणखत मातीत मिसळून गादीवाफे करावेत. गादीवाफ्यावर ४ फूट बाय ३ फूट अंतर ठेवले तर एकरी साधारण ३,६०० रोपे बसतात. वेलीला आधार हवा. बांबू आणि तार यांचा खर्च परवडत नसेल तर गिरिपुष्पाचे खुंट लावावेत. त्याचा पाला आच्छादनालाही होतो. पावसाळ्यानंतर जमिनीप्रमाणे पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरते. वेल तग धरते, म्हणून पाण्याची हयगयही करू नये आणि उसासारखे पाट सोडूनही देऊ नयेत.

मुळात विष उतरू नये म्हणून

कोल्हापूर भागात या पिकाची खरी अडचण इथे आहे. शतावरी बहुधा उसाच्या रानात किंवा उसाच्या शेजारी लागते. उसात तणनाशके जातात, हुमणीसाठी दाणेदार किंवा पाण्यातून कीटकनाशके जातात. ऊस मोडला आणि लगेच शतावरी लावली, तर हे अवशेष दीड-दोन वर्षे जमिनीत असणाऱ्या मुळाच्या अवतीभोवती राहतात. म्हणून उसानंतर निदान एक हंगाम ताग किंवा धैंचा घेऊन तो गाडावा. मगच शतावरी. तणनाशकाचा अंश राहिला आहे का याचा अंदाज घरी घेता येतो. त्या रानातली माती एका कुंडीत आणि बांधावरची स्वच्छ माती दुसऱ्या कुंडीत घेऊन दोन्हींत काकडीचे बी टाकावे. पहिल्या कुंडीतली रोपे पिवळी पडून कडेने करपली तर थांबावे. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. कीटकनाशक यातून कळत नाही, पण मोठी चूक टळते.

शेजारच्या उसावर फवारणी होत असेल तर वाऱ्याची दिशा पाहून मधे चार-पाच ओळींची जागा सोडावी किंवा गिनी गवताची दाट ओळ लावावी. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावे. बरीच भांडणे यातूनच टळतात.

हुमणीचे काय, हा प्रश्न हमखास येतो. हुमणी मुळे खाते आणि आपले उत्पन्नच मूळ आहे. तरीही उसाची रासायनिक शिफारस उचलून शतावरीला वापरू नये. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर भुंगेरे जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारावेत. हे एकट्याने करून भागत नाही, वाडीतल्या सर्वांनी त्याच चार-आठ दिवसांत केले तर फरक दिसतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून अळ्या-कोष पक्ष्यांना उघडे करावेत. कच्चे शेणखत टाळावे, त्यातूनच अळ्या शेतात येतात. मेटारायझियम ही उपयोगी बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना लागवडीच्या वेळी आणि पुढच्या पावसाळ्यात मुळाजवळ द्यावी.

पाण्याबद्दलही बोलले पाहिजे. पंचगंगेच्या खालच्या टप्प्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, हे आपण सगळे जाणतो. अशा पाण्यावर मूळपीक घेऊ नये. आयुर्वेदिक औषधांत जड धातूंची कमाल मर्यादा ठरलेली आहे. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम. चांगली कंपनी माल घेताना ही तपासणी करते आणि नापास झालेला ढीग परत येतो. लागवडीपूर्वी माती-पाण्याची तपासणी करताना विहिरीच्या पाण्यातील जड धातूंचीही तपासणी सांगावी. नेहमीच्या माती परीक्षणात ती होत नाही, वेगळी मागावी लागते.

काढणी, सोलणी, वाळवणी

लागवडीनंतर १८ ते २४ महिन्यांनी, पाऊस संपून वेल पिवळी पडू लागली की काढणी करतात. आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे. मुळे खणून काढावीत, ओढू नयेत. डोळे असलेला गड्डा बाजूला ठेवला की पुढच्या लागवडीचे बेणे तयार होते.

मुळे लगेच धुवावीत. उकळत्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढली की साल सुटते. मग साल सोलायची, मधला दोरा ओढून काढायचा आणि मूळ स्वच्छ कापडावर किंवा जाळीवर सावलीत वाळवायचे. सोलर ड्रायर असेल तर उत्तम. डांबरी रस्त्यावर किंवा अंगणातल्या मातीत वाळवलेला माल चांगला खरेदीदार घेत नाही. मूळ वाकवले असता कटकन मोडले पाहिजे. वाकले तर ओल आहे, आणि ओलीवर बुरशी येते. बुरशी आलेले मूळ निवडून बाजूला टाकावे. पुसून पुन्हा ढिगात घालण्याचा मोह होतो, तो आवरावा.

ओल्या दहा किलोतून वाळलेला माल साधारण एक ते दीड किलो मिळतो. जाहिरातीत हा आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. झाडामागे दीड किलो ओले मूळ धरले तर ३,६०० झाडांतून साधारण साडेपाच टन ओला, म्हणजे ५५० ते ८०० किलो वाळलेला माल. दर विचारताना ओल्याचा की वाळलेल्याचा, सालीसह की सोललेल्याचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

आणि सोलणीची मजुरी. हे काम जवळपास सर्वत्र बायका करतात, तासन्‌तास बसून, ओल्या हातांनी. घरच्या बायका करतील असे म्हणून ताळेबंदात शून्य लिहू नये. पहिल्या वर्षाअखेर पाच झाडे खणून, सोलून, वाळवून पाहावीत. किती तास लागले आणि किती माल हाती आला ते वहीत लिहावे. आपल्या रानाचा खरा हिशेब तिथेच मिळतो.

करार करताना

रोप आम्ही देतो, माल आम्हीच परत घेऊ, ही पद्धत औषधी वनस्पतींत नेहमीची आहे. यातला धोका समजून घ्यावा. रोपांचे पैसे पहिल्या दिवशी जातात, माल दोन वर्षांनी निघतो. तोपर्यंत समोरचा माणूस, कार्यालय, फोन क्रमांक जागेवर असेलच असे नाही. ज्याचा नफा रोपांवर आहे त्याला आपल्या मुळांची गरज नसते. त्यामुळे पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवर थांबावे, रोपे शक्यतो स्वतः करावीत आणि खरेदीदार वेगळा शोधावा. माहितीसाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम चालते. जवळचे म्हणजे तळसंदे आणि कणेरी येथील कृषी विज्ञान केंद्रे. जंगलातून खणून आणलेली मुळे लागवडीच्या मालात मिसळू नयेत. ते बेकायदेशीर ठरू शकते, शिवाय ढिगाची ओळख बिघडते.

याच ओघात सीता अशोकाबद्दल. पाळीत जास्त रक्तस्राव होण्यावर दिल्या जाणाऱ्या अशोकारिष्टात त्याची साल लागते. झाड सह्याद्रीत कमी झाले आहे आणि बाजारात त्याच्या सालीत रस्त्याकडेच्या उंच, सरळ, शोभेच्या ‘अशोका’ची साल मिसळली जाते. ते झाड वेगळ्याच कुळातले आहे. बांधावर, ओढ्याकाठी सीता अशोकाची रोपे जरूर लावावीत. पण पैशाच्या घाईने उभ्या झाडाची साल गोल काढू नये, झाड मरते.

कृषी सहायक आणि बचत गटाच्या ताईंसाठी

शतावरीचा कार्यक्रम घेतला की बायका पीक सोडून दुखणेच विचारतात. अंगावरून पांढरे जाते, पाळी दोन-दोन महिने येत नाही, मुलीला फार रक्त जाते, यावर ही मुळी चालेल का? आपण कृषीचे लोक, वैद्य नव्हे. तरी ‘घेऊन बघा’ हे उत्तर सोपे वाटते म्हणून देऊ नये.

आपल्या जिल्ह्यात गाळप हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या बायकांचे काय झाले हे आपल्याला माहीत असायला हवे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारींतून बऱ्याच जणी तिथवर पोहोचल्या होत्या. अनेकदा हा संसर्ग असतो आणि तो वेळेवर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवला तर साध्या औषधांनी बरा होतो. घरगुती पुडीवर महिने काढल्याने दुखणे वाढते, आणि मग कोणीतरी पिशवी काढायला सांगतो. दोन्ही टोके टाळायची असतील तर मधली वाट लवकर तपासणीची आहे.

म्हणून तक्रार ऐकली की आशाताईंकडे जोडून द्यावे. स्रावाला वास, खाज, सोबत ताप किंवा ओटीपोटात दुखणे असेल, तर त्याच आठवड्यात दाखवावे. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये. पाळी अनियमित असेल तर थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय कोणतीही मुळी सुरू करू नये. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

रक्ताच्या कमतरतेचे तर घराघरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये ती आढळली. आळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू हा आपला बाळंतिणीचा आहार चांगलाच आहे, तो चालू ठेवावा. पण गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस मोफत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा ना गूळ घेतो, ना शतावरी. गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, म्हणजे लोह अंगी लागते.

कोणाला शतावरी घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावी आणि चालू असलेली औषधे त्यांना दाखवावीत. शेतात स्वतः वाळवलेले मूळ घरात वापरतानाही हाच नियम. आणि ज्या वाफ्यातील मूळ घरासाठी ठेवायचे, त्याच वाफ्याचा नमुना विक्रीच्या मालाबरोबर तपासणीला पाठवावा. पाव किलो वाळलेले मूळ, वाफ्याचा क्रमांक आणि काढणीची तारीख लिहून, कोरड्या कागदी पिशवीत.